समुद्राखालील भूकवच आणि गुरुत्व विसंगती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुरुत्व विसंगती म्हणजे नेमके काय?

पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्वीय त्वरण सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्तावर ते सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. हा फरक पृथ्वीच्या परिवलनामुळे आणि ध्रुवांजवळच्या तिच्या चपटेपणामुळे पडतो, आणि तो अक्षांश माहीत असला की गणिताने आधीच सांगता येतो. प्रत्यक्ष मोजलेल्या मूल्यातून हे अपेक्षित मूल्य आणि इतर काही ठरावीक सुधारणा वजा केल्यावर जे उरते, त्याला गुरुत्व विसंगती म्हणतात. ती धन असेल तर तेथे अपेक्षेपेक्षा जास्त वस्तुमान आहे आणि ऋण असेल तर कमी आहे, एवढाच तिचा प्राथमिक अर्थ होतो.

तिचे एकक मिलिगॅल हे आहे. एक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग म्हणजे एक गॅल (हे नाव गॅलिलिओवरून आले आहे) आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिगॅल. पृथ्वीच्या एकूण गुरुत्वाच्या तो साधारण दहा लाखांश भरतो. महासागरांवरील बहुतेक विसंगती काही दशक मिलिगॅलच्या असतात. खोल सागरी गर्तांवर त्या शेकड्यांत जातात, आणि पोर्तो रिको गर्तेवर सुमारे उणे ३८० मिलिगॅलपर्यंत घसरण आढळते.

विसंगती हे एका वजाबाकीचे उत्तर आहे, आणि कोणताही नकाशा वाचताना काय वजा केले आहे हे आधी पाहावे लागते. या विषयातील बरेचसे गैरसमज तो प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

पृष्ठभागावरील मोजमापावरून कित्येक किलोमीटर खोलवरच्या कवचाबद्दल कसे कळते?

याचे कारण घनतेतील फरक हे आहे. समुद्राच्या पाण्याची घनता १.०३, गाळाची साधारण १.८ ते २.५, महासागरी कवचाची सुमारे २.८ ते २.९ आणि त्याखालील प्रावरणाची (कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थराची) सुमारे ३.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. महासागरी कवचाची जाडी सरासरी सात किलोमीटरच्या आसपास असते, तर खंडीय कवचाची सरासरी ३५ किलोमीटरच्या जवळ असते. कवच आणि प्रावरण यांच्यातील सीमेला मोहो म्हणतात. क्रोएशियन भूकंपशास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिक यांनी १९०९ मधील एका भूकंपाच्या नोंदींवरून ती प्रथम ओळखली. ही सीमा जेथे वर येते तेथे हलक्या कवचाची जागा जड प्रावरण घेते आणि गुरुत्व वाढते.

किती वाढते, याचा अंदाज सोप्या गणिताने येतो. विस्तीर्ण सपाट थर गृहीत धरला, तर एक किलोमीटर जाडीच्या आणि एक एकक घनताफरकाच्या थरामुळे सुमारे ४२ मिलिगॅलचा परिणाम होतो. कवच आणि प्रावरण यांच्यातील फरक ०.४ धरला, तर मोहो एक किलोमीटर वर आल्याने सुमारे १७ मिलिगॅल वाढ होते. पाणी आणि खडक यांच्यातील फरक मात्र १.६ च्या पुढे आहे, त्यामुळे समुद्रतळ एक किलोमीटर खोल गेल्यास जवळजवळ ६९ मिलिगॅलची घट होते. याचाच अर्थ असा की ज्या संकेताचा आपल्याला शोध असतो, तो त्याच्या चौपट बलवान अशा समुद्रतळाच्या संकेताच्या मागे दडलेला असतो.

दुसरी मर्यादा खोलीची आहे. एखाद्या खोलीवरील चढउताराचा परिणाम वर येताना क्षीण होत जातो, आणि चढउतारांची तरंगलांबी जितकी कमी तितकी ही क्षीणता अधिक असते. समुद्रसपाटीपासून १२ किलोमीटर खोल असलेल्या मोहोवर १०० किलोमीटर तरंगलांबीचे चढउतार असतील, तर त्यांचा जवळजवळ निम्मा परिणाम वर पोचतो; तेच चढउतार २५ किलोमीटर तरंगलांबीचे असतील, तर जेमतेम पाच टक्के पोचतो. एक किलोमीटर उंचीचा असा अरुंद उंचवटा समुद्रसपाटीवर एक मिलिगॅलही उमटवत नाही. गुरुत्वावरून काढलेल्या मोहोच्या नकाशात कोणी दहा-पंधरा किलोमीटर रुंदीचे बारकावे दाखवत असेल, तर ते बारकावे मोहोचे असण्याची शक्यता फारच कमी असते.

फ्री-एअर आणि बूगेर या दोन विसंगतींपैकी कोणती वापरावी?

दोन्ही वापराव्यात, कारण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

फ्री-एअर विसंगतीत अक्षांशाबरोबर फक्त उंचीचा परिणाम काढलेला असतो. जमिनीवर ती काढताना उंचीची सुधारणा करावी लागते, आणि ती दर मीटरला ०.३०८६ मिलिगॅल असते. जहाज समुद्रसपाटीवरच असल्यामुळे ही सुधारणा तेथे जवळजवळ नाहीशी होते, आणि म्हणून सागरी नकाशे बहुधा फ्री-एअर विसंगतीचे असतात. हे नकाशे पाहणाऱ्याला एक गोष्ट प्रथम चकित करते. चार-पाच किलोमीटर खोल समुद्रावर, म्हणजे जेथे एवढ्या जाडीच्या खडकाऐवजी नुसते पाणी आहे तेथेही, विसंगती सरासरीने शून्याच्या आसपासच असते. पाण्यामुळे पडलेली वस्तुमानाची तूट खाली उथळ मोहोने, म्हणजे वर आलेल्या जड प्रावरणाने, भरून काढलेली असते. यालाच समस्थायित्व म्हणतात. जॉर्ज एअरी आणि जॉन प्रॅट यांनी १८५० च्या दशकात या समतोलाची दोन वेगवेगळी स्पष्टीकरणे मांडली, आणि त्या चर्चेला कारण ठरली ती भारतातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयाच्या आकर्षणामुळे ओळंब्याच्या दिशेत अपेक्षेपेक्षा कमी पडलेला फरक.

बूगेर विसंगतीत समुद्राचे पाणी काढून त्या जागी खडक भरला आहे अशी कल्पना केली जाते. त्यामुळे समुद्रतळाच्या उंचसखलपणाचा परिणाम बराचसा निघून जातो आणि खालच्या रचनेचा परिणाम उघडा पडतो. चार किलोमीटर पाण्यासाठी ही भर सुमारे २७५ मिलिगॅलची होते, म्हणून खोल समुद्रावर बूगेर विसंगती नेहमीच मोठी धन दिसते. नवशिक्या वाचकाला हे पाहून खाली एखादा असाधारण जड खडक सापडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो आकडा बहुतांशी एवढेच सांगत असतो की तेथे कवच पातळ आहे.

खंडान्त उताराजवळ, म्हणजे खंडाची कड खोल समुद्रात उतरते तेथे, फ्री-एअर विसंगतीत एक ठरावीक जोडी दिसते : भूखंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेवर धन पट्टा आणि उताराच्या पायथ्याशी ऋण पट्टा. समुद्रतळाची खोली एकदम बदलते, परंतु मोहो अधिक खोलवर असल्यामुळे तिचा भरपाईचा परिणाम पसरट होतो, आणि दोहोंच्या आकारातील या तफावतीमुळे ही जोडी उमटते. तिला स्वतंत्र भूगर्भीय रचना समजून नाव देण्याचा मोह आवरावा.

समुद्रावर, हलत्या जहाजातून, एवढे सूक्ष्म मोजमाप शक्य होते का?

सुरुवातीला ते जवळजवळ अशक्यच होते. गुरुत्वमापक यंत्राला गुरुत्व आणि जहाजाचे हेलकावे यांच्यात भेद करता येत नाही, आणि लाटांमुळे होणारे त्वरण हजारो मिलिगॅलचे असते. डच भूभौतिकशास्त्रज्ञ व्हेनिंग माइनेस यांनी १९२३ पासून पाणबुड्यांमधून, म्हणजे लाटांच्या खाली जाऊन, लंबकांच्या साहाय्याने मोजमापे केली. जावा गर्तेलगत त्यांना सापडलेला तीव्र ऋण विसंगतीचा पट्टा हा या शास्त्रातील सर्वांत महत्त्वाच्या शोधांपैकी एक आहे. भूपट्ट सिद्धान्त येण्याच्या कितीतरी आधी त्याने दाखवून दिले होते की काही ठिकाणी कवच समतोलात नाही, कोणत्या तरी बलाने ते खाली ओढून धरलेले आहे.

त्याआधीचा एक प्रसंग प्रत्येक सागरी सर्वेक्षकाला ठाऊक असावा असा आहे. जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कार हेकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवरून केलेल्या मोजमापांत पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजांची मूल्ये जुळत नाहीत, याकडे हंगेरियन शास्त्रज्ञ लोरांड एट्व्हश यांनी लक्ष वेधले. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाचा वेग पृथ्वीच्या परिवलनात मिळवला जातो, केंद्रोत्सारी परिणाम वाढतो आणि मोजलेले गुरुत्व घटते. पश्चिमेकडे जाताना याच्या उलट घडते. १९०८ मध्ये काळ्या समुद्रावर एकमेकांच्या विरुद्ध दिशांना जाणाऱ्या जहाजांवरून याची खातरजमा झाली. हा परिणाम लहान नाही. विषुववृत्तावर पूर्वेकडे दहा नॉट वेगाने जाणाऱ्या जहाजासाठी तो सुमारे ७५ मिलिगॅल भरतो, म्हणजे वेग मोजण्यात एका नॉटची चूक झाली तर साडेसात मिलिगॅलची चूक होते. उपग्रहीय स्थाननिश्चिती येण्यापूर्वीच्या सागरी नोंदी वापरताना हा हिशेब डोक्यात ठेवावा, आणि सर्वेक्षणाच्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे मूल्ये जुळतात का हे स्वतः तपासून पाहावे.

उपग्रह समुद्रावरील गुरुत्व कसे मोजतात?

ज्या नकाशांचा सर्वाधिक वापर होतो, ते तयार करणारे उपग्रह गुरुत्व मोजतच नाहीत. ते रडारने समुद्रपृष्ठाची उंची मोजतात. समुद्रतळावरील पर्वत आपल्याकडे पाणी ओढतो आणि त्याच्यावर समुद्रपृष्ठाला अगदी सौम्य असा उंचवटा येतो. भरती-ओहोटी, लाटा आणि प्रवाह यांचे परिणाम वजा केल्यावर उरलेले पृष्ठ जिऑइडच्या, म्हणजे केवळ गुरुत्व आणि परिवलन यांच्या प्रभावाखाली शांत समुद्राने जे पृष्ठ घेतले असते त्याच्या, जवळपास असते, आणि त्याच्या उतारावरून गुरुत्व काढता येते. प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे : एका किलोमीटरमध्ये एक मिलिमीटर उतार म्हणजे अंदाजे एक मिलिगॅल.

सीसॅट (१९७८) या उपग्रहाने ही शक्यता दाखवून दिली. अमेरिकी नौदलाच्या जिओसॅटचा दाट मार्गांचा माहितीसाठा १९९५ मध्ये पूर्णपणे खुला झाला, आणि युरोपच्या ईआरएस-१ च्या मोजमापांशी तो जोडून १९९७ मध्ये जगातील महासागरांचा एकसंध गुरुत्व नकाशा प्रसिद्ध झाला. पुढे क्रायोसॅट-२ आणि जेसन-१ यांच्या मोजमापांमुळे २०१४ च्या नकाशाची अचूकता सुमारे दोन मिलिगॅलपर्यंत आली. त्यात मेक्सिकोच्या आखातात जाड गाळाखाली गाडल्या गेलेल्या, प्रसरण (समुद्रतळ दुभंगून नवे कवच तयार होणे) थांबलेल्या रांगांचे तुकडेही ओळखता आले. भारत आणि फ्रान्स यांचा सरल हा उपग्रह (२०१३) आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट यांनी या माहितीत आणखी भर घातली.

ग्रेस आणि गोचे या मोहिमा मात्र गुरुत्वक्षेत्र थेट मोजणाऱ्या होत्या. त्यांची मोजमापे फार विश्वासार्ह आहेत, परंतु उपग्रहाच्या उंचीमुळे त्यांना साधारण १०० किलोमीटरपेक्षा लहान रचना दिसत नाहीत. किनाऱ्यालगतच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात रडारच्या प्रतिध्वनीत जमिनीचा परिणाम मिसळतो, आणि तेथे जहाजावरील किंवा विमानातील मोजमापांना आजही पर्याय नाही.

गाळाचा विचार वेगळा का करावा लागतो?

कारण तो विसरला तर मोहोचे संपूर्ण चित्र चुकते. काळ्या समुद्रात पाण्याची कमाल खोली सुमारे २.२ किलोमीटर आहे, पण त्याखाली काही भागांत दहा किलोमीटरहून जाड गाळ साचलेला आहे. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात तर गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी आणलेल्या गाळाची जाडी याहूनही जास्त आहे. समजा, दहा किलोमीटर गाळ आहे आणि त्याची सरासरी घनता कवचापेक्षा ०.३ ने कमी आहे. त्याचा परिणाम सुमारे उणे १२६ मिलिगॅल होतो. ही तूट गाळाऐवजी मोहोच्या नावावर लावली, तर मोहो आहे त्यापेक्षा सात किलोमीटरहून अधिक खोल दाखवला जातो. सात किलोमीटर म्हणजे महासागरी कवचाची संपूर्ण जाडी. महासागरी कवचाला खंडीय ठरवण्यासाठी एवढी एक चूक पुरेशी होते.

यात आणखी एक अडचण आहे. गाळ खोलवर दाबला जाऊन घट्ट होतो, त्यामुळे त्याची घनता खोलीबरोबर वाढते आणि तळाशी ती कवचाच्या घनतेच्या जवळ जाते. संपूर्ण स्तंभासाठी एकच घनता वापरणे उथळ खोऱ्यात चालून जाते, जाड खोऱ्यात चालत नाही. खोलीनुसार बदलणारी घनता वापरली आहे का, हे कोणताही शोधनिबंध वाचताना मी सर्वांत आधी पाहतो.

गुरुत्वावरून काढलेले उत्तर एकमेव का नसते?

समुद्रसपाटीवर मोजलेले तेच क्षेत्र खालच्या असंख्य वेगवेगळ्या वस्तुमान-रचनांमधून निर्माण होऊ शकते. ही उपकरणांची उणीव नाही. गुरुत्वाच्या नियमातूनच ही अनिश्चितता निष्पन्न होते आणि मोजमाप कितीही अचूक केले तरी ती जात नाही. खोल आणि अरुंद वस्तुमानाचा परिणाम उथळ व पसरट वस्तुमानाने हुबेहूब साकारता येतो, याच्या उलट मात्र नेहमीच करता येत नाही. म्हणून गुरुत्वावरून स्रोताची कमाल खोली सांगता येते, किमान नाही.

मोहोची खोली काढण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत पार्कर आणि ओल्डनबर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. पार्कर यांनी १९७२ मध्ये असमतल थराचे गुरुत्व फूरिये रूपांतराने झटपट काढण्याचे सूत्र दिले आणि ओल्डनबर्ग यांनी १९७४ मध्ये तेच उलटवून विसंगतीपासून थराच्या आकाराकडे जाण्याचा मार्ग दाखवला. गणित निर्दोष आहे. परंतु त्यात मोहोची सरासरी खोली, घनतेचा फरक आणि लहान तरंगलांबी गाळणाऱ्या चाळणीची मर्यादा हे तिन्ही आकडे संशोधकाला स्वतः द्यावे लागतात. घनतेचा फरक ०.४ ऐवजी ०.५ घेतला की मोहोचे चढउतार सुमारे वीस टक्क्यांनी लहान होतात, आणि नकाशा तितकाच सुबक दिसत राहतो. अशा निवडी कोणत्या आधारावर केल्या हे सांगितलेले नसेल, तर नकाशाचे रंग पाहून प्रभावित होण्याचे कारण नाही.

मग भूकंपीय सर्वेक्षण असताना गुरुत्वाची गरज काय?

भूकंपीय अपवर्तनाने, म्हणजे थरांच्या सीमांवर वळणाऱ्या कंपलहरींची नोंद घेऊन, मोहोची खोली अधिक खात्रीने कळते, परंतु ती एका रेषेखाली कळते आणि त्या रेषेला फार खर्च येतो. दोन रेषांमधल्या शेकडो किलोमीटरच्या प्रदेशात काय आहे हे गुरुत्व सांगते. भूकंपीय लहरींच्या वेगावरून घनतेचा अंदाज बांधता येतो. त्यावरून तयार केलेले प्रारूप मोजलेल्या विसंगतीशी जुळले नाही, तर ते प्रारूप चुकीचे आहे हे निश्चित होते. माझ्या मते गुरुत्वाचे खरे सामर्थ्य येथेच आहे. कोणते चित्र बरोबर हे ते एकट्याने क्वचितच ठरवते, पण कोणते चित्र टिकणार नाही हे मोठ्या ठामपणे सांगते.

समुद्राखालील पर्वतरांगेवर विसंगती ऋण कशी असू शकते?

उंचवट्यावर धन विसंगती असावी ही अपेक्षा स्वाभाविक आहे, आणि एकट्या ज्वालामुखी पर्वतावर ती बहुधा खरीही ठरते. अशा पर्वताच्या भाराने भोवतालचे शिलावरण (कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा ताठ भाग) खाली वाकते आणि त्याच्या सभोवती ऋण विसंगतीचे कडे दिसते. हे वाकणे किती रुंद आहे यावरून, पर्वत तयार झाला त्या वेळी शिलावरण किती ताठ होते, म्हणजे पर्यायाने किती जुने आणि थंड होते, याचा अंदाज करता येतो. हवाई बेटे हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

परंतु अरबी समुद्रातील लक्ष्मी कटकावर (कटक म्हणजे समुद्राखालील लांबट उंचवटा) विसंगती स्पष्टपणे ऋण आहे. हा कटक बराचसा गाळाने वेढलेला आहे, आणि अपवर्तन सर्वेक्षणांनुसार त्याखालील कवच सुमारे २० किलोमीटर जाड, म्हणजे सामान्य महासागरी कवचाच्या जवळजवळ तिप्पट आहे. जाड कवचाच्या मुळामुळे खाली मोठी वस्तुमानतूट निर्माण होते, आणि वरचा उंचवटा गाळात गाडलेला असल्यामुळे त्याची भरपाई पुरती होत नाही. म्हणूनच अनेक संशोधक या कटकाला भारतीय खंडापासून तुटलेली खंडीय कवचाची पट्टी मानतात, तर काही जण त्याचे स्पष्टीकरण लाव्हा आणि अंतःस्तरीय अग्निज खडकांनी फुगलेल्या कवचात शोधतात. लगतच्या लक्ष्मी खोऱ्याचा वाद अधिकच चिवट आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासागरी वेधन मोहिमेने तेथे गाळ भेदून बेसाल्टपर्यंत मजल मारली, पण ताणलेल्या खंडीय कवचावरही लाव्हा पसरलेला असू शकतो, त्यामुळे नुसत्या बेसाल्टने प्रश्न मिटत नाही.

बंगालच्या उपसागरातील ८५ अंश पूर्व कटक याहून विलक्षण आहे. उत्तरेकडे, जेथे तो जाड गाळाखाली पूर्णपणे गाडलेला आहे, तेथे त्याची विसंगती ऋण आहे. दक्षिणेकडे अफानासी निकितिन सागरी पर्वताजवळ ती धन होते. त्याच्याच पूर्वेला समांतर जाणारा नव्वद अंश पूर्व कटक मात्र धन विसंगती दाखवतो. गाळाने वरच्या उंचवट्याचा घनताफरक जवळजवळ पुसून टाकला आणि खाली वाकलेले कवच तसेच राहिले, असे मानल्यास उत्तरेकडील ऋण चिन्हाचा बराचसा उलगडा होतो.

मध्य महासागरी पर्वतरांगांखाली कवचाची जाडी याच पद्धतीने काढता येते का?

येते, पण तेथे उष्णतेचा हिशेब आधी द्यावा लागतो. प्रसरण अक्षाखालील, म्हणजे समुद्रतळ जेथे दुभंगतो त्या रेषेखालील, प्रावरण तप्त असल्यामुळे फुगलेले आणि हलके असते. तापमानात ५०० अंशांचा फरक पडला तर घनतेत सुमारे दीड टक्का फरक पडतो. म्हणून पाणी आणि सरासरी जाडीचे कवच यांचा परिणाम वजा केल्यानंतर, समुद्रतळाच्या वयावरून काढलेला उष्णतेचा परिणामही वजा केला जातो. तरीही जे उरते ते कवचाच्या जाडीतील बदलाचे आहे, असा अर्थ लावला जातो.

हिंदी महासागरातील जिऑइडची प्रचंड खोली कवचामुळे आहे का?

नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला जिऑइड सुमारे १०६ मीटर खाली आहे, पण त्याची व्याप्ती हजारो किलोमीटरची आहे आणि त्याचे कारण प्रावरणात खोलवर आहे. कवचाचा अभ्यास करताना अशा दीर्घ तरंगलांबीचा भाग आधी वेगळा काढावा लागतो.

खुली उपलब्ध माहिती वापरून अभ्यास सुरू करताना कोणती काळजी घ्यावी?

सागरी गुरुत्व आणि समुद्रतळाची खोली यांच्या एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) चौकटीच्या जागतिक सारण्या विनामूल्य मिळतात, आणि विद्यार्थ्याला त्यांवर बरेच काम करता येते. धोका असा आहे की या दोन सारण्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. समुद्रतळाचा सुमारे एक चतुर्थांश भागच जहाजांवरील आधुनिक ध्वनिसाधनांनी तपशीलवार मोजलेला आहे. उरलेल्या मोठ्या भागातील खोली त्याच उपग्रहीय गुरुत्वावरून अनुमानित केलेली असते. अशी खोली घेऊन बूगेर सुधारणा केली, तर गुरुत्वातून गुरुत्वच वजा केल्यासारखे होते आणि लहान तरंगलांबीच्या विसंगती आपोआप नाहीशा होतात. मग तेथील कवच एकजिनसी आहे असा निष्कर्ष कोणीतरी काढतो. खोलीच्या सारणीबरोबर कोणते मूल्य मोजलेले आणि कोणते अनुमानित हे सांगणारी स्रोतसारणीही दिलेली असते. ती उघडून अभ्यासक्षेत्रातील प्रत्यक्ष मोजलेले मार्ग आधी नकाशावर काढावेत, आणि बूगेर विसंगतीचा अर्थ शक्यतो त्याच मार्गांलगत लावावा.